झाडाची एफडी कधी मोडायची?

पॅनकेकवर ओतायचं मेपल सिरप बाटलीत शिरण्याआधी चार ऋतू जगून येतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या जंगलात एका बापलेकीचं त्यावरून रंगलेलं भांडण, आणि त्या भांडणात मध्येच घुसलेलं बिघडलेलं हवामान...

ब्रंचला गेल्यावर पॅनकेकच्या शेजारी ती इवलीशी किटली येते ना? तिच्यातलं तपकिरी, चिकट प्रकरण म्हणजे मेपल सिरप असं समजून आपण ते बिनधास्त ओततो. पण बऱ्याचदा ते मेपलच्या झाडाच्या आसपासही फिरकलेलं नसतं. मक्याचं सिरप, थोडा रंग, थोडा वास, झालं ‘पॅनकेक सिरप’ तयार! खरं मेपल सिरप म्हणजे झाडाचा रस, आटवलेला. बस्स. वरून साखर नाही, रंग नाही, काही म्हणजे काही नाही. एक लिटर सिरपसाठी साधारण चाळीस लिटर रस लागतो. आणि हा रस वर्षातून जेमतेम चार-सहा आठवडे मिळतो.

कुठले चार-सहा आठवडे? अहो, तोच तर सगळा वाद आहे!

हा वाद मी अगदी जवळून पाहिला. कंपनीने मला दोन वर्षांसाठी बॉस्टनला पाठवलं तेव्हा माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये एक मुलगी बसायची. डेटा ॲनालिस्ट. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच डेडलाइनने पिचलेली आणि दुपारी चार वाजता हमखास कॉफी मशिनपाशी सापडणारी. फरक एवढाच, की माझे बाबा बँकेतून रिटायर झालेले आणि तिचे बाबा तीन तासांच्या ड्राइव्हवर, व्हरमाँटच्या डोंगरात मेपलचं जंगल सांभाळणारे. तिकडे अशा जंगलाला ‘शुगरबुश’ म्हणतात. त्यांच्या शुगरबुशमध्ये नऊशे टॅप, म्हणजे झाडांना पाडायची नऊशे भोकं. धंद्याच्या हिशेबात हे फार मोठं काम नव्हे. पण त्या सिरपच्या पैशातून जमिनीचा टॅक्स भरला जायचा. आजूबाजूच्या दोन-तीन शेतकऱ्यांना तो जमेना, तेव्हा त्यांच्या जमिनींवर शहरवाल्यांची सुट्टीची घरं उभी राहिली. मैत्रीण एकदा सहज म्हणाली, “आमची दोन वर्षं लागोपाठ वाईट गेली ना, की आमच्याही जंगलात कुणाची तरी जकुझी येणार.”

त्यामुळे ‘भोक कधी पाडायचं’ हा त्या घरात गप्पांचा विषय नव्हता. घर चालवण्याचा प्रश्न होता.

ऑक्टोबर : झाड श्रीमंत असतं तेव्हा

मी पहिल्यांदा तिकडे गेले ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. खरं सांगायचं तर फोटो काढायला! न्यू इंग्लंडचा ‘फॉल’ म्हणजे डोंगरच्या डोंगर लाल, केशरी, पिवळे. रस्त्यावर टुरिस्टांच्या गाड्यांची रांग. मी कॅमेरा काढून ‘वॉव’ करत होते आणि मैत्रिणीचे बाबा शांतपणे झाडांचे शेंडे न्याहाळत होते. पालवी दाट आहे का, फांद्या वाळल्यात का, उन्हाळ्यात अळ्यांनी पानं खाल्ली का. त्यांच्यासाठी ते दृश्य म्हणजे बँकेचं स्टेटमेंट होतं.

कारण सिरपची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. उन्हाळाभर पानं सूर्यप्रकाशात साखर बनवतात. खर्चून उरलेली साखर झाड स्टार्चच्या रूपात खोडात आणि मुळांत साठवून ठेवतं. थंडी पडू लागली की त्यातल्या स्टार्चची पुन्हा साखर होते. हीच झाडाची फिक्स्ड डिपॉझिट. वसंतात नवी पालवी फुटेपर्यंत झाडाकडे कमाईचं साधन नसतं, तेव्हा कळ्या फोडायला हीच एफडी मोडायची असते. आपण भोक पाडतो ते या एफडीतलं थोडंसं व्याज उचलायला. मुद्दलाला हात लावायचा नाही, हा नियम.

मी साहजिकच विचारलं, “साखर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच तयार असेल तर आत्ताच का नाही काढत? मार्चपर्यंत कशाला थांबायचं?”

बाबा हसले. हा प्रश्न नवा नव्हता. पानं गळल्यावर रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन, असे दिवस शरदातही येतात. तेव्हा भोक पाडलं तर रस ठिबकतो, आणि काही जण तसा प्रयोग करूनही पाहतात. पण हा रस बहुधा कमी गोड. झिरपतो तोही थोडे दिवस. आणि खरी गोम पुढेच आहे.

भोक म्हणजे जखम. मेपल ती जखम भरून काढत नाही, ती आतल्या आत सील करून टाकतं. भोकाच्या वर-खाली लाकडाचा एक उभा पट्टा तपकिरी पडतो आणि कायमचा निकामी होतो. पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात भोक पाडून उपयोग नाही, तिथे रस नसतो. म्हणून दरवर्षी नवी जागा शोधायची. झाड जाडीला वाढत राहतं आणि बाहेरून नवं, ताजं लाकूड चढत जातं, म्हणून हे चक्र पिढ्यान् पिढ्या चालू शकतं. मात्र शरदात एक भोक आणि वसंतात दुसरं, म्हणजे एका वर्षात दोन जखमा. “झाडाला वर्षाला एकदाच त्रास द्यायचा. मग तो कधी द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो,” बाबा म्हणाले.

आणि झाड लहान असेल तर तोही द्यायचा नाही. खोड निदान २५ ते ३० सेंटिमीटर जाड व्हायला हवं, आणि तेवढं व्हायला शुगर मेपलला साधारण चाळीस वर्षं लागतात. म्हणजे आपण पस्तिशीत लावलेल्या रोपाचा रस आपल्याला पंचाहत्तरीत! आपल्या एसआयपीचा पेशन्स त्यापुढे काहीच नाही.

बर्फाचा पंप

आपल्याकडे झाडातून रस काढणं म्हटलं की डोळ्यांसमोर येतो कोकणातला माड. वर चढून पोय कापायची, मडकं अडकवायचं, की माडी जमा. तिथे बर्फाचा काय संबंध? मेपलचं मात्र सगळं गणितच बर्फावर चालतं.

मेपलच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या आजूबाजूला जे तंतू असतात, त्यांत पाण्याऐवजी हवा असते. रात्री पारा शून्याखाली गेला की फांद्यांमधलं पाणी या तंतूंच्या आत गोठू लागतं, हवा दाबली जाते आणि झाड स्ट्रॉने ओढावं तसं मुळांकडून पाणी वर खेचतं. सकाळी ऊन पडलं, पारा शून्याच्या चार-पाच अंश वर गेला, की बर्फ वितळतो, दाबलेली हवा फुगते आणि झाडाच्या आत दाब तयार होतो. रसातल्या साखरेचाही या दाबाला हातभार लागतो. अशा वेळी खोडाला भोक असेल तर रस ठिबकू लागतो. टप... टप... टप.

म्हणजे रात्र गोठलेली आणि दिवस वितळलेला, अशी जोडी हवी. सलग कडाक्याची थंडी असली की झाड बंद. सलग उबदार हवा असली तरी झाड बंद! जुलैमध्ये मेपलला ड्रिल मारून पाहा, काही येणार नाही. या गोठण्या-वितळण्याच्या जोड्या हिवाळा संपता संपता भरपूर येतात. व्हरमाँटमध्ये पारंपरिक सीझन म्हणजे फेब्रुवारी अखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा. उत्तरेला कॅनडात, क्वेबेकमध्ये, मार्च-एप्रिल.

निदान आजवर तरी असं होतं.

जानेवारी : किचन टेबलवरची लढाई

२०२३-२४चा हिवाळा तिकडे नेहमीपेक्षा बराच उबदार होता. जानेवारीत मी पुन्हा गेले तेव्हा घरात लढाई पेटलेली.

बाबांचा नियम वडिलोपार्जित. व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगावी ग्रामसभा भरते, तिला ‘टाउन मीटिंग डे’ म्हणतात. जुने लोक त्या दिवसाच्या आसपास टॅपिंग करायचे. बाबाही त्याच्या जवळपासच करायचे. आमच्या बाईसाहेबांनी मात्र बाबांच्या जुन्या डायऱ्या उघडून दहा वर्षांच्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या होत्या. लॅपटॉप टेबलवर, शेजारी मक्याचा ब्रेड, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम.

“बाबा, दहापैकी चार वर्षी पहिला मोठा रस फेब्रुवारीतच येऊन गेला. तुम्ही मार्चची वाट पाहत बसलात.”

“आणि जानेवारीत पाडलेलं भोक मार्चच्या मध्यावर वाळलं तर? मार्चचा रस कुणाकडे मागू? तुझ्या एक्सेलकडे?”

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, हीच पंचाईत. भोकालाही एक्स्पायरी डेट असते. ते उघडं पडलं की त्यात बॅक्टेरिया आणि यीस्ट घर करतात, झाड आपल्या बाजूने नळ्या बंद करू लागतं आणि साध्या पद्धतीत चार ते सहा आठवड्यांत रस आटतो. मोठ्या कंपन्यांना याची फारशी फिकीर नसते. त्यांच्याकडे झाडाझाडाला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या असतात आणि नळ्यांच्या टोकाला व्हॅक्युम पंप. पंप रस खेचत राहतो, भोकंही जास्त टिकतात. शिवाय हजारो टॅप मारायलाच कित्येक आठवडे लागतात, म्हणून ते डिसेंबर-जानेवारीतच कामाला लागतात.

आमच्या बाबांकडे नळ्या होत्या, पंप नव्हता. रस उतारावरून आपसूक खाली टाकीत यायचा. पंप घ्यायचा तर खर्च, वीज, देखभाल. म्हणून त्यांच्यासाठी भोक पाडण्याची तारीख म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय. लवकर पाडलं तर मार्च हातचा जाण्याची भीती, उशिरा पाडलं तर फेब्रुवारी. एकदा ड्रिल चाललं की ‘अनडू’ नाही.

या दोघांना घाबरवणारी गोष्ट एकच होती. बर्लिंग्टनच्या युनिव्हर्सिटी ऑफ व्हरमाँटचं प्रॉक्टर मेपल रिसर्च सेंटर १९४६ पासून याच विषयात काम करतंय. तिथल्या अभ्यासकांनी न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कचा रेकॉर्ड तपासला तेव्हा दिसलं, की चाळीस वर्षांत सीझन सुमारे आठवडाभर आधी सुरू व्हायला लागलाय आणि संपतोय त्याहूनही जास्त दिवस आधी. थोडक्यात काय, तर सीझन सरकतोय आणि आकसतोयही. पुढचं चित्र आणखी कठीण. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की २१०० सालापर्यंत हा हंगाम महिनाभर अलीकडे येईल आणि भरपूर रस देणारा पट्टा उत्तरेला कॅनडाच्या दिशेने सरकेल. मेपलची झाडं काही चालत कॅनडात जाऊ शकत नाहीत!

शेवटी आईने तोडगा काढला. (आई सगळीकडच्या सारख्याच.) जंगलाचे दोन भाग. दक्षिणेकडचा उतार लवकर तापतो, तिथले साडेचारशे टॅप जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. उत्तरेकडचा उतार थंड, तिथले साडेचारशे फेब्रुवारीच्या अखेरीला. अर्धा मान लेकीचा, अर्धा बापाचा.

दक्षिणेच्या उताराच्या टॅपिंगला मीही होते. बॅटरीवर चालणारं ड्रिल, आठ मिलिमीटरचं बिट, खोली चार-साडेचार सेंटिमीटर. भोक किंचित वरच्या दिशेला, म्हणजे रस आपोआप बाहेर उतरतो. बाहेर येणारा भुसा पांढरट असेल तर उत्तम, तपकिरी असेल तर समजायचं की जुन्या जखमेत घुसलोय. मग छोटी तोटी बसवून हलक्या हाताने हातोडी. ठक... ठक... आणि मग आवाज अचानक बसका होतो. तिथे थांबायचं. आणखी एक घाव मारला की लाकूड चिरतं आणि रस तोटीऐवजी बाजूने गळतो. दिवसभरात बोटं इतकी गारठली, की संध्याकाळी फोनने माझा अंगठा ओळखायला साफ नकार दिला.

मार्च : हे तर आपलं गुऱ्हाळ!

माझं आजोळ कोल्हापूरजवळचं. मार्चच्या एका रात्री त्यांच्या शुगरहाउसमध्ये पाऊल ठेवलं आणि पहिला श्वास घेतल्याबरोबर मला मामाचं गुऱ्हाळ आठवलं. तीच गोड, ओली वाफ. तेच खाली धडधडणारं चुलवाण. आपल्याकडे गोल काहील असते, इथे लांबट, खणाखणांची स्टीलची चपटी कढई. आपल्याकडे चिपाडाचं जळण, इथे लाकडाचं. रस एका टोकाने आत येतो, खणाखणातून नागमोडी फिरत घट्ट होत जातो आणि दुसऱ्या टोकाने सिरप बाहेर पडतं. छताला मधोमध झडपा असतात, त्या उघडल्या की वाफेचा लोट थेट आभाळात. गावात कुणाच्या छतातून वाफ निघतेय, यावरून कुणाकडे रस आलाय हे सगळ्यांना कळतं.

उतू जायला लागलं की बाबा लोण्याचा एक छोटा कण टाकत, फेस लगेच खाली. आपले गुळवेही यासाठी तेलाचा शिंतोडा मारतात की! मी हे सांगितलं तर बाबांना भलताच आनंद झाला. उसाच्या रसात मेपलच्या आठ-दहापट साखर असते म्हटल्यावर मात्र ते गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे तुमचं सरपण किती वाचत असेल!”

हा हिशेब त्यांच्या डोक्यात कायम चालू. मेपलवाल्यांचा एक जुना आडाखा आहे, ८६चा नियम. ८६ला रसातल्या साखरेच्या टक्केवारीने भागा, एक गॅलन सिरपला किती गॅलन रस लागेल ते कळतं. साखर २ टक्के असेल तर ४३ गॅलन. १.५ टक्के असेल तर ५७! अर्धा टक्का घसरला तर लाकडं, वेळ, झोप सगळ्याचाच खर्च वाढला. म्हणून बऱ्याच जणांकडे आता आरओ मशिन असतं. हो, आपल्या किचनमधल्या ॲक्वागार्डसारखंच, फक्त उलट्या कामाला. आपण पाणी ठेवतो आणि बाकीचं फेकतो, ते पाणी फेकतात आणि साखर ठेवतात. रस २ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर नेला, की तीन चतुर्थांश पाणी चुलीवर चढण्याआधीच गायब.

सिरप झालं हे कसं ओळखायचं? उकळतं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या चार अंश वर गेलं, म्हणजे साधारण १०४ अंश सेल्सियस, की झालं. हायड्रोमीटर असतोच. पण बाबा चपटा डाव बुडवून आडवा धरायचे. थेंब थेंब पडलं तर कच्चं, पडद्यासारखं सलग लोंबलं तर तयार. आपला एकतारी-दोनतारी पाक बोटावर बघतात ना, त्याचाच हा भाऊ. आणखी आटवून तो पाक ताज्या बर्फावर ओतला की चिक्कीसारखा ताणला जाणारा खाऊ तयार होतो. तो काट्याला गुंडाळून खायचा, आणि सोबत काय तर डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं! गोड खाऊन तोंड बसलं की लोणच्याचा एक घास, पुन्हा गोड. पुरणपोळीच्या ताटात लोणचं वाढणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एप्रिल : बेडूक ओरडले, दुकान बंद

सीझन संपतो कधी? कॅलेंडर बघायची गरज नाही. डबक्यात छोटे बेडूक ओरडायला लागले की शेवटचा रस आला म्हणायचं. तिकडे त्याला नावच ‘फ्रॉग रन’. झाडाच्या कळ्या फुगल्या की रसाची रसायनं बदलतात आणि सिरपला एक विचित्र, उग्र चव येते. मग नळ्या धुवायच्या, तोट्या काढायच्या आणि झाडाला त्याचं आयुष्य जगू द्यायचं.

सिरपचा रंगही ऋतूबरोबर बदलतो. सुरुवातीचं सिरप फिकट सोनेरी आणि नाजूक चवीचं. पुढे हवा तापते, रसात सूक्ष्मजीव वाढतात, ते साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात, आणि उकळताना ही साखर जास्त गडद होते. म्हणून शेवटचं सिरप काळपट आणि दमदार, आपल्या काकवीच्या जवळ जाणारं. बाटलीचा रंग बघून झाडाने तो रस साधारण कधी दिला असेल, याचा अंदाज बांधता येतो. मला हे फार आवडलं.

आता निकाल ऐका. दक्षिणेच्या उताराने फेब्रुवारीत छान रस दिला. मार्चच्या मध्यावर तो खरंच वाळला, अगदी बाबा म्हणाले होते तसा. उत्तरेच्या उताराने फेब्रुवारीचा रस गमावला आणि मार्च तारून नेला. बेरीज साधारण दरवर्षीइतकीच. दोघंही एकमेकांना “बघ, मी म्हणत नव्हतो?” आणि “बघा, मी म्हणत नव्हते?” म्हणायला मोकळे! पण टॅक्स भरला गेला.

सगळीकडे असं निभावत नाही. जगातलं सुमारे ७० टक्के मेपल सिरप एकट्या क्वेबेकमधून येतं. तिथल्या उत्पादनाचे आकडे बघा. २०२२ मध्ये २१ कोटी १० लाख पौंड, म्हणजे तेव्हाचा विक्रम. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, १२ कोटी ४० लाख. आणि २०२४ मध्ये पुन्हा नवा विक्रम, २३ कोटी ९० लाख! शेअर बाजारही इतका लहरी नसेल. म्हणून तर क्वेबेकच्या उत्पादक संघटनेने २००० सालापासून सिरपचा चक्क राखीव साठा ठेवलाय. देश तेलाचा ठेवतात, हे सिरपचा. २०२१ मध्ये वसंत लवकर तापला आणि उत्पादन घसरलं, तेव्हा त्यातून सुमारे पाच कोटी पौंड सिरप बाजारात आणावं लागलं. या साठ्यावर चोरांनीही हात मारलाय. २०१२ मध्ये लक्षात आलं, की एका गोदामातली पिंपं हळूहळू रिकामी करून कुणी तरी सुमारे १ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलरचं सिरप लांबवलंय.

चौकट : साखरेची जुनी गोष्ट

मेपलचा रस आटवण्याची कला गोऱ्यांनी शोधली नाही. अबेनाकी, अनिशिनाबे असे तिथले मूळ रहिवासी ती कधीपासून जाणत होते. रस रात्रभर गोठवायचा, सकाळी वरचा बर्फ काढून फेकायचा, की खाली राहिलेला रस जास्त गोड. तापवलेले दगड रसात टाकूनही तो आटवला जायचा. अनिशिनाबे लोकांच्या कालगणनेत साखर आटवण्याच्या महिन्याला स्वतंत्र नाव आहे.

पुढे या साखरेला राजकारणही चिकटलं. उसाची साखर वेस्ट इंडिजमधल्या गुलामांच्या श्रमावर बनायची. तिला पर्याय म्हणून मेपल वापरा, असा प्रचार अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी केला. डॉ. बेंजामिन रश यांनी १७९१ मध्ये थॉमस जेफरसन यांना मेपलच्या साखरेवर सविस्तर पत्रच लिहिलं. जेफरसन यांनी त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या आपल्या मळ्यात मेपलची रोपं लावली, पण ती काही तिथे नीट रुजली नाहीत. (गंमत म्हणजे त्यांच्या त्याच मळ्यावर गुलाम राबत होते.)

पुढच्या सीझनचं काय?

मी पुण्याला परत आलेय. पण मैत्रिणीशी बोलणं होतं, आणि त्यात ऑफिस कमी, झाडं जास्त. तिने कंपनीशी वाटाघाटी करून फेब्रुवारी-मार्च व्हरमाँटहून वर्क फ्रॉम होम मिळवलंय. सकाळी स्टँडअप कॉल, दुपारी नळ्यांची गळती शोधायची, रात्री चुलीपाशी. नोकरी सोडून कायमची जाणार का, असं मी विचारलं तर म्हणाली, “नऊशे टॅपवर दोन पगार निघत नाहीत गं. पण बाबांचे गुडघे आणखी किती सीझन चालणार?” याचं उत्तर तिच्याकडे नाही. माझ्याकडे तर नाहीच. आपल्यापैकी ज्यांच्या गावाला शेती आहे आणि हातात शहरातली नोकरी, त्यांना हा प्रश्न घरचाच वाटेल.

एक गोष्ट मात्र ठरलीय. बाबांनी डायऱ्या तिच्या हवाली केल्यात. सगळ्या, आजोबांच्या काळापासूनच्या. त्यांची अट एकच होती. तिच्या एक्सेलमध्ये तापमान, तारीख, साखरेचा टक्का यांच्या शेजारी आणखी एक कॉलम हवा, ‘बाबांचा अंदाज’. तो कॉलम आता आहे. दरवर्षी जानेवारीत ती तो भरायला सांगते, बाबा आभाळाकडे बघतात, आणि मग साडेचारशे-साडेचारशेची वाटणी यंदा कशी करायची यावर पुन्हा भांडण सुरू होतं.

चौकट : विकत घेताना

- लेबलवर ‘प्युअर मेपल सिरप’ लिहिलंय का ते बघा. ‘पॅनकेक सिरप’, ‘मेपल फ्लेवर’ किंवा ‘टेबल सिरप’ म्हणजे दुसरंच काही तरी. घटकांच्या यादीत एकच नाव हवं.

- २०१४-१५ पासून अमेरिकेत ग्रेड ए मध्ये चार रंग असतात : गोल्डन, अँबर, डार्क आणि व्हेरी डार्क. हे वरचे-खालचे दर्जे नव्हेत, चवीचे प्रकार आहेत. पॅनकेक-वॉफलवर गोल्डन किंवा अँबर, केक आणि मॅरिनेडसाठी डार्क.

- बाटली उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवा. सिरपमध्ये प्रिझर्वेटिव्ह नसतात, बाहेर ठेवलं तर बुरशी येते.

- ‘हेल्दी’ म्हणून वाटीभर ओतू नका. त्यात थोडी खनिजं असतात हे खरं, पण शेवटी दोन-तृतीयांश साखरच आहे.

- महाग वाटतंय? चांगली काकवी आणा आणि गरम घावनावर किंवा पॅनकेकवर ओतून बघा. व्हरमाँटला परत जाताना मी कोल्हापूरची एक बाटली नेली होती. बाबांनी डाव आडवा धरून तिची तार बघितली, चाखली आणि विचारलं, “ही कुठल्या महिन्यात करतात?”